बोटीवर जायचंय? आधी डोळे तपासा, मग जहाज शोधा, प्रवेश सगळ्यात शेवटी

मे महिन्यात मी सुट्टीवर घरी असलो की आमच्या ओटीवर हमखास एक दृश्य दिसतं. कुणीतरी काका बारावीचा मुलगा बरोबर घेऊन येतात. हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक, त्यावर पांढऱ्या गणवेशातली पोरं आणि मागे निळं पाणी. काका म्हणतात, "परवा फी भरायची शेवटची तारीख आहे. तू बोटीवर आहेस म्हणून विचारतो, भरू का?"

मी विचारतो, "याचे डोळे तपासलेत का?" नाही. "कोर्स झाल्यावर जहाज कोण देणार, हे विचारलंत का?" ते म्हणतात, "शंभर टक्के प्लेसमेंट असं लिहिलंय ना इथे."

गुहागर, दापोली, श्रीवर्धन या पट्ट्यात बोटीवर जाणं नवीन नाही. कित्येक घरांत पणजोबांपासून कुणी ना कुणी खलाशी होता. तरीही मर्चंट नेव्हीत ऑफिसर व्हायचा रस्ता घरोघरी माहीत नाही, आणि जो माहीत असतो तो बहुतेक वेळा उलट्या क्रमाने. लोक प्रवेशापासून सुरुवात करतात. माझं म्हणणं असं की जहाजापासून मागे मागे यावं. कारण या धंद्यात अडतं ते कॉलेजच्या दारात नाही, केडेट, म्हणजे शिकाऊ ऑफिसर, म्हणून पहिल्या जहाजाच्या शिडीवर पाय ठेवताना अडतं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी एक गैरसमज

मर्चंट नेव्ही म्हणजे भारतीय नौदल नव्हे. नौदल लढतं, आम्ही माल वाहतो: तेल, कोळसा, धान्य, कंटेनर, गाड्या. नोकरी बहुधा खाजगी कंपनीची, तीही कॉन्ट्रॅक्टवर. सहा-आठ महिने बोटीवर, मग घरी, मग पुन्हा नवं कॉन्ट्रॅक्ट. बऱ्याच कंपन्यांत घरी असताना पगार नसतो. निवृत्तिवेतन धरून चालू नका. लग्नाच्या बाजारात गणवेशाला भाव असतो हे खरं, पण साखरपुड्याला नवरा मुलगा ब्राझीलच्या वाटेवर असू शकतो, हेही खरं.

नॉटिकल सायन्स म्हणजे डेकची बाजू. जहाज कुठून कसं न्यायचं, माल कसा भरायचा, जहाज पाण्यात कलंडणार नाही हे कसं बघायचं, हा त्याचा विषय. इंजिनाची बाजू वेगळी आणि तिचे कोर्सही वेगळे. घरात दोन्हींची सरमिसळ करून बोललं जातं, म्हणून मुलाला स्पष्ट विचारा: यंत्रात रमतोस की नकाशात?

पहिली पायरी: डोळे

डेकसाठी चष्म्याशिवाय चांगली नजर लागते. ६/६ हे मोजमाप धरून चला. रंगांधळेपण असेल तर दार बंद, तिथे ना वशिला चालतो ना पैसा. हा नियम उगीच केलेला नाही. रात्री समुद्रावर समोरच्या जहाजाचं अंग दिसत नाही, फक्त दिवे दिसतात. डाव्या अंगाला लाल, उजव्या अंगाला हिरवा, वर डोलकाठीवर पांढरा. नुसता लाल दिसला तर त्याची डावी बाजू आपल्याकडे आहे. लाल आणि हिरवा दोन्ही एकदम दिसले तर तो नाकासमोर सरळ आपल्यावर येतो आहे. ज्याला लाल-हिरवा यांतला फरक कळत नाही त्याच्या हाती ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, कशी द्यायची?

म्हणून अकरावीतच, शक्य असेल तर दहावीनंतर लगेच, केंद्र सरकारच्या नौवहन महानिदेशालयाच्या यादीतल्या डॉक्टरकडून तपासणी करून घ्या. यादी महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर असते. गावातल्या चष्म्याच्या दुकानातली तपासणी पुरत नाही. रंगीत ठिपक्यांतून आकडा ओळखायची इशिहारा चाचणी याच वेळी होते, आणि आपण रंगांधळे आहोत हे कित्येक मुलांना तिथेच पहिल्यांदा कळतं. नंबर काढण्याची शस्त्रक्रिया करायचा बेत असेल तर ती करण्याआधी याच डॉक्टरला विचारा. इंजिन विभागाला ठरावीक मर्यादेपर्यंतचा चष्मा चालतो, रंगांधळेपण मात्र तिथेही नडतं.

याच वयात दुसरा निर्णय होतो. अकरावीत गणित सोडून जीवशास्त्र घेतलं की हा रस्ता संपला. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित या तीन विषयांची सरासरी ६० टक्के लागते. बारावीचे एकूण टक्के इथे कुणी विचारत नाही. इंग्रजीत दहावीला किंवा बारावीला ५० टक्के हवेत. राखीव प्रवर्गांना आणि मुलींना काही सवलती आहेत, त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघाव्यात.

दुसरी पायरी: जहाज कोण देणार?

इथे थोडं थांबू, कारण पैसे बुडतात ते इथेच.

ऑफिसर होण्यासाठी नुसती पदवी उपयोगाची नाही. लागतं ते सक्षमता प्रमाणपत्र, ज्याला आम्ही सीओसी किंवा नुसतं 'लायसन्स' म्हणतो. त्याच्या परीक्षेला बसायचं तर ठरावीक महिने केडेट म्हणून प्रत्यक्ष जहाजावर काढावे लागतात. याला सी टाइम म्हणतात. तीन वर्षांची बी.एस्सी. नॉटिकल सायन्स केली तर १२ महिने, एका वर्षाचा डिप्लोमा इन नॉटिकल सायन्स, म्हणजे डीएनएस, केला तर १८ महिने. आणि जहाजावर केडेटसाठी खोल्या असतात दोन, फार तर चार. दरवर्षी वर्गांतून बाहेर पडणारी मुलं खोल्यांपेक्षा जास्त. गणित इथे फसतं. फी भरून, कोर्स पुरा करून, दीड-दोन वर्षं घरी बसलेली हुशार पोरं मी पाहिली आहेत.

यावरचा उपाय म्हणजे स्पॉन्सरशिप. जहाज कंपनी आधी मुलाची निवड करते आणि 'हा कोर्स करून ये, तुला आमच्या जहाजावर घेऊ' असं पत्र देते. बहुतेक कंपन्यांची स्वतःची लेखी परीक्षा असते, मानसशास्त्रीय चाचणी असते, मग मुलाखत. त्यांच्या जाहिराती बारावीच्या वर्षातच येऊ लागतात. म्हणून बारावीच्या दिवाळीपासून कंपन्यांच्या संकेतस्थळांवर नजर ठेवा आणि एकाच वेळी चार-पाच ठिकाणी अर्ज करा.

काही कंपन्यांच्या तर स्वतःच्याच अकादमी आहेत आणि त्यातल्या दोन आपल्या जवळ आहेत: अँग्लो-ईस्टर्नची कर्जतला, ग्रेट ईस्टर्नची लोणावळ्याला. कंपनी आणि शाळा एकच असली की जहाजाचा प्रश्न बराचसा सुटलेला असतो. तळेगावजवळ इंदुरीला तोलानी आणि लोणी काळभोरला मॅनेट या संस्थाही जुन्या आहेत. संस्था कुठलीही असो, प्रवेश खिडकीवर एकच प्रश्न विचारा: "मागच्या तीन बॅचमधली किती मुलं, किती महिन्यांत, कुठल्या कंपनीत जॉइन झाली?" उत्तर कागदावर मागा. तोंडी 'शंभर टक्के' ऐकून घेऊ नका. आणि जमलं तर मागच्या बॅचच्या दोन मुलांशी स्वतः फोनवर बोला, ते खरं सांगतात.

स्पॉन्सरशिपचं पत्र नीट वाचा. जहाजाची हमी आहे की 'प्रयत्न करू' आहे? किती महिन्यांत? बॉण्ड आहे का? मुलगा मेडिकलला नापास झाला तर फीचं काय? हे प्रश्न विचारायला लाजायचं कारण नाही. पैसे तुमचे आहेत.

तिसरी पायरी: परीक्षा आणि कोर्सची निवड

भारतीय सागरी विद्यापीठ, म्हणजे आयएमयू, २००८ साली स्थापन झालं. मुख्यालय चेन्नईला. प्रवेशासाठी त्यांची आयएमयू-सीईटी द्यावी लागते. संगणकावर, २०० बहुपर्यायी प्रश्न, तीन तास. म्हणजे एका प्रश्नाला मिनिटही नाही. भौतिकशास्त्र, गणित, रसायनशास्त्र, इंग्रजी, सामान्यज्ञान आणि बुद्धिमापन. जेईई किंवा एमएचटी-सीईटीचा अभ्यास करणाऱ्याला विज्ञान-गणिताची वेगळी तयारी नको. मराठी माध्यमातून आलेली मुलं गुण घालवतात ती इंग्रजीत आणि वेगात. घड्याळ लावून दहा-पंधरा सराव परीक्षा दिल्या की वेग येतो.

एक गाठ मनात पक्की करा: खाजगी संस्थेत, स्पॉन्सरशिपवर जायचं असलं तरी ही सीईटी द्यावी लागते. कंपनीचं पत्र हातात आणि सीईटीचा अर्ज भरायचा राहून गेला, अशी उदाहरणं दरवर्षी घडतात.

बी.एस्सी. की डीएनएस? नवी मुंबईत करावे-नेरुळला आयएमयूचं आवार आहे, पूर्वीचं टी.एस. चाणक्य. यातलं टी.एस. म्हणजे ट्रेनिंग शिप. आवार जमिनीवर असून नावात जहाज कसं, तर ही परंपरा १९२७ साली माझगावच्या समुद्रात उभ्या असलेल्या डफरिन या प्रशिक्षण जहाजापासून आली. डफरिन गेलं, १९७२ मध्ये राजेंद्र आलं, १९९३ मध्ये चाणक्य नावाने शाळा किनाऱ्यावर चढली. इथली तीन वर्षांची बी.एस्सी. खाजगी कोर्सांच्या मानाने स्वस्त, नाव मोठं, आणि पदवी आधीच हातात पडते. उद्या काही कारणाने समुद्र सोडावा लागला तरी पदवीधर म्हणून दुसऱ्या वाटा राहतात.

डीएनएसमध्ये एकच वर्ष वर्गात, मग १८ महिने जहाजावर, सोबत दूरशिक्षणाचा अभ्यास आणि शेवटी पुन्हा वर्ग. पैसे लवकर मिळू लागतात. पण कंपनीचं पत्र नसेल तर डीएनएसच्या वाटेला जाऊ नये, असं माझं सरळ मत आहे. बी.एस्सी.ला चांगला क्रमांक लागत असेल तर बिनपत्राचाही विचार करता येईल. बिनपत्राच्या डीएनएससाठी जमीन गहाण टाकून कर्ज काढायचा मात्र विचारही नको.

दहावीनंतरची वाटही आहे. सहा महिन्यांचा जीपी रेटिंग कोर्स करून खलाशी म्हणून लागता येतं. पुढे एबी (अनुभवी खलाशी), मग बोसन (खलाशांचा मुकादम). यात कमीपणा काही नाही; चांगल्या बोसनपुढे नवा थर्ड ऑफिसर, म्हणजे ऑफिसरांतला सगळ्यात धाकटा, मुकाट उभा असतो. पण एजंटांची सगळ्यात मोठी लूट याच गटात चालते. तिच्याकडे नंतर येतो.

मुलींविषयी. घरचे विचारतात, 'हे मुलींचं काम आहे का?' कॅप्टन राधिका मेनन यांनी २०१५ च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून सात मच्छीमारांना आपल्या तेलवाहू जहाजावर घेऊन वाचवलं. त्यासाठी २०१६ चा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. मुलीसाठी कंपनी निवडताना एकच जास्तीचा प्रश्न विचारा: एका जहाजावर एकटीला पाठवता की दोघींना?

बारावी ते प्रवेश: रिकाम्या वेळात काय करावं

पोहायला शिका. विहिरीत सूर मारणाऱ्याला हे सांगायला नको, पण आता कोकणातही न पोहणारी मुलं वाढली आहेत. जीवरक्षणाच्या प्रशिक्षणात उंचीवरून पाण्यात उडी मारायची असते.

पासपोर्ट लगेच काढा. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट यांवर नाव अक्षर न अक्षर सारखं हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची पद्धत. एका कागदावर ते आहे, दुसऱ्यावर नाही, तिसऱ्यावर आडनाव आधी. पुढे व्हिसाच्या वेळी याच क्षुल्लक गोष्टीने जॉइनिंग हुकतं.

इंग्रजी बोला. साहित्यिक नको, रोकडं हवं. ब्रिजवर फिलिपिनो, युक्रेनी, चिनी माणसं असतात आणि सगळ्यांची इंग्रजी मोडकीच असते. ऐकलेली आज्ञा मोठ्याने जशीच्या तशी परत म्हणायची सवय लावा; जहाजावर सुकाणू धरणारा हेच करतो.

आणि भौतिकशास्त्रातले सदिश परत काढा. सरळ उत्तरेला जायचंय, जहाजाचा वेग १२ नॉट (ताशी १२ सागरी मैल), आणि पाण्याचा प्रवाह पूर्वेकडे ३ नॉट. नाक उत्तरेला ठेवलं तर तासाभरात तुम्ही ३ सागरी मैल पूर्वेला सरकलेले असाल, म्हणजे साडेपाच किलोमीटर. तिथे खडक असला तर संपलं. उत्तरेची रेषा धरायची तर नाक साधारण साडेचौदा अंश पश्चिमेला वळवावं लागतं, आणि मग पुढे जायचा खरा वेग उरतो ११.६ नॉट. वहीत त्रिकोण काढून पाहा. हे करताना मजा आली तर पोरगं योग्य वाटेवर आहे.

कोर्समध्ये आणि कागदांमध्ये

प्रशिक्षणाचे दिवस पहाटे कवायतीने सुरू होतात, त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. केस कापतात, बूट चमकवायला लावतात. अभ्यासात एका गोष्टीला मात्र पर्याय नाही: टकरी टाळण्याचे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम. आम्ही त्यांना 'आरओआर' (रूल्स ऑफ द रोड) म्हणतो. हे पाठच हवेत, शब्दाला शब्द. इंजिनावर चालणारी दोन जहाजं एकमेकांची वाट छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं आहे त्याने वाट सोडायची, हा पंधरावा नियम मला झोपेतून उठवून विचारला तरी म्हणता येतो. तोंडी परीक्षेत परीक्षा घेणारा सर्वेक्षक त्याच्यासमोरच्या टेबलावर लाकडी बोटी मांडतो आणि विचारतो, "आता काय करशील?" तिथे अडखळलेला पुढच्या प्रश्नाला पोचत नाही.

कागदांचा क्रम असा: प्रवेश झाला की इंडॉस क्रमांक मिळतो, ही नाविकाची देशभरातली ओळख. मग मूलभूत सुरक्षा प्रशिक्षण: जीवरक्षण, अग्निशमन, प्रथमोपचार, वैयक्तिक सुरक्षा, आणि जोडीला जहाजाच्या सुरक्षेचा कोर्स. त्यानंतर सीडीसी. ही छोटी पुस्तिका म्हणजे तुमचं सेवापुस्तक, कुठल्या जहाजावर कधी चढलात, कधी उतरलात याची नोंद तिच्यात होते. पीतज्वराची लस एकदा टोचली की आयुष्यभर चालते. ते पिवळं कार्ड मात्र जपा.

एजंट

बेलापूर, खारघर, सानपाडा भागात मॅनिंगची, म्हणजे जहाजांना माणसं पुरवणारी, कितीतरी ऑफिसं आहेत. त्यांत चांगली आहेत, आणि दोन खुर्च्या अन् एक जहाजाचं चित्र एवढ्याच भांडवलावरचीही आहेत. नाविकांची भरती करायला आरपीएसएल हा परवाना लागतो. क्रमांक विचारा आणि महानिदेशालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. भिंतीवर टांगलेली प्रत पुरावा नाही. नोकरी लावून देण्यासाठी नाविकाकडून पैसे घेणं हे आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराच्या विरुद्ध आहे. 'अडीच लाख द्या, पुढच्या आठवड्यात जॉइनिंग' असं कुणी म्हणालं की उठून यायचं.

आमच्या वाडीतल्या एका मुलाने असेच पैसे दिले. दुबईला विमानतळावरून त्याला जिथे नेलं ती मोडकळीला आलेली छोटी टगबोट होती. सात महिने पगार नाही, पिण्याचं पाणीही मोजून. सीडीसीवर त्या काळाची नोंद नाही, त्यामुळे सी टाइमही वाया. पैसे घेणाऱ्या ऑफिसचं शटर तोवर खाली आलेलं.

जायच्या आधी जहाजाचं नाव आणि त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक मागा. तो जहाजाच्या जन्मापासून बदलत नाही, मालक आणि नाव कितीही बदलो. नोकरीचा करारनामा सही करून एक प्रत घरी ठेवा. २०१७ पासून जहाज मालकाला, कर्मचाऱ्यांना वाऱ्यावर सोडल्यास त्यांचा परतीचा प्रवास आणि चार महिन्यांपर्यंतचा पगार यांची आर्थिक हमी ठेवावी लागते आणि तिचं प्रमाणपत्र जहाजावर लावलेलं असतं. चढल्यावर ते कुठे आहे ते बघून घ्या.

केडेट म्हणून पहिले दिवस

माहितीपत्रकातला पांढरा गणवेश पेटीत राहतो, अंगावर येतो बॉयलर सूट. गंज खरवडणं, रंग लावणं, दोरखंडांना ग्रीस, रिकाम्या होल्डमधून (माल भरायच्या जहाजाच्या पोटातून) कोळशाची धूळ झाडणं. आईला फोनवर यातलं फारसं सांगू नका. पण याच काळात ब्रिजवर जायची संधी मागून घ्या. थर्ड ऑफिसरची वॉच, म्हणजे ब्रिजवरची पाळी, आठ ते बारा, सेकंडची बारा ते चार, चीफ ऑफिसरची चार ते आठ, सकाळी आणि रात्री तीच. चार ते आठला जा. पहाटे क्षितिजही दिसतं आणि ताराही, म्हणून सेक्स्टंट या कोन मोजायच्या यंत्राने ताऱ्याची उंची घ्यायची ती वेळ. जीपीएस असताना हे कशाला, असं वाटेल. सिग्नल बिघडतो, कुणी मुद्दाम बिघडवतो, आणि परीक्षेत तर विचारतातच.

प्रशिक्षण नोंदवही रोजच्या रोज लिहा, कामाखाली ऑफिसरची सही त्याच आठवड्यात घ्या. ज्याने काम करून घेतलं तो ऑफिसर उतरून गेला की सही कोण देणार? विश्रांतीचे तासही नियमात आहेत: चोवीस तासांत किमान १०, आठवड्यात किमान ७७. बंदरात ते पाळणं अवघड जातं, पण डोळ्यांवर झापड असताना दोरखंड ओढणाऱ्या विंचजवळ उभं राहू नका. "साहेब, मी थकलोय" असं म्हणण्याने कुणाची नोकरी गेलेली मी पाहिली नाही. बोटं गेलेली पाहिली आहेत.

पुढे

सी टाइम भरला की किनाऱ्यावर सेकंड मेटचा वर्ग, रेडिओचा जीएमडीएसएस, रडारचे आणि इलेक्ट्रॉनिक नकाशांचे कोर्स, मग लेखी आणि ऑरल्स. पास झालात की लायसन्स सेकंड मेटचं, पण पहिली नेमणूक थर्ड ऑफिसरची. बारावीपासून मोजलं तर साधारण पाच-सहा वर्षं. पुढे चीफ मेटची परीक्षा, मग मास्टरची, म्हणजे कॅप्टनची. कॅप्टन व्हायला बहुधा तिशी ओलांडते.

पगार डॉलरमध्ये येऊ लागला की चौकशी सुरू होते ती कराची. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर अनिवासी धरलं जातं, आणि एनआरई, म्हणजे अनिवासींच्या बँक खात्यात आलेल्या बोटीच्या पगारावर सामान्यतः इथे कर लागत नाही. साध्या वर्षात याचा अर्थ देशाबाहेर किमान १८४ दिवस, म्हणून आम्ही बोटीवरचे तेवढे दिवस मोजतो. मोजणीचा आधार सीडीसीतल्या साइन ऑन, साइन ऑफच्या तारखा. म्हणून उतरताना कॅप्टनची सही आणि शिक्का पानावर नीट उमटलाय का ते गँगवेवरच, म्हणजे जहाजाच्या शिडीवरच, बघा, आणि घरी पोचल्यावर पेढे वाटायच्या आधी त्या पानाचा फोटो काढून ठेवा.